श्वासमाउलीचा वसा

ऐका श्वासमाउली, तुमच्या वशाची गोष्ट. खाडीच्या काठी एक आटपाट नगर वसलं होतं. नगराबाहेर मिठागरं होती. तिथं पोशा आगरी राही, त्याची बायको ठकू राही. दोघं दिवस उजाडता वाफ्यांत उतरत, मीठ ओढत, टोपल्या वाहत. घर सुखी होतं.

एके वर्षी काय झालं? ठकूला टोपली उचलवेना. मग डोळे पिवळे झाले. मग पाय सुजले. मग पोट वाढलं. शेजारीण होती धुरपी. ती पाणवठ्यावर चारचौघींत बोलली, "पोटुशी म्हणावी तर वय नाही. चोरून ताडी पीत असेल. हा पिणाऱ्यांचाच रोग." ठकूनं ते ऐकलं. तिनं जन्मात ताडीला बोट लावलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती पाणवठ्यावर जाईनाशी झाली.

मग पोशानं तिला वैद्याकडे नेलं. वैद्यानं नाडी धरली, पोट चाचपलं. म्हणाला, "बाई, तुझं यकृत कठीण झालंय. हा चार दिवसांचा पाहुणा नव्हे, जन्माचा सोबती. मीठ सोड, औषध चुकवू नको, महिन्याच्या महिन्याला येऊन दाखव."

"वैद्यबुवा, मी मिठागरातली बाई. मी मीठ सोडू?"

"सोड. जगायचंय ना?"

ठकू घरी आली. औषध घेई, अळणी खाई, पण जीव थाऱ्यावर नाही. जेवायला बसली तर भय, अंथरुणावर पडली तर भय, वाफ्यात उभी राहिली तर भय.

एके दिवशी खाडीकाठी श्वासमाउलीच्या देवळात गेली. एक म्हातारी पायऱ्या झाडीत होती. तिचेही डोळे हळदीसारखे पिवळे.

"मुली, का गं रडतेस?"

"आजी, मला मरणाचं भय वाटतं."

"मग माझा वसा घे."

"त्याला काय करावं?"

"दिवस उगवताना पूर्वेला तोंड करून बसावं. उजवा हात उजव्या बरगडीखाली ठेवावा. श्वास घ्यावा, माउलीचं नाव घ्यावं. श्वास सोडावा, अंग सैल सोडावं. असे एकवीस श्वास करावे. मग वैद्याचं औषध घ्यावं. मग आपल्यासारख्या दुखणाइताच्या दारी जावं, 'कसं आहे?' म्हणून विचारावं, तो सांगेल ते ऐकावं."

"आजी, यानं माझा रोग जाईल?"

"रोग जाईल असं मी म्हणत नाही. भय उतरेल. झोप येईल. दिवस तुझा तुला परत मिळेल. पण उतू नको, मातू नको, वसा अर्धा करू नको."

ठकूनं वसा घेतला. पहिल्या महिन्यात झोप आली. दुसऱ्या महिन्यात अन्न गोड लागलं. तिसऱ्या महिन्यात ती वाफ्याच्या बांधावर गाणं म्हणू लागली.

मग ती मातली. म्हणाली, "माउली पाठीशी आहे, आता काढे कशाला?" औषध सोडलं. भाच्याच्या लग्नात खारवलेली सुकी मासळी पोटभर खाल्ली. आठ दिवसांत पोट घागरीएवढं झालं. मग बुद्धीवर धुकं आलं. पोशा समोर बसलेला, तर विचारते, "तुम्ही कुणाचे कोण?" पोशाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिला होडीत निजवलं, वैद्याकडे आणलं. वैद्यानं रेच दिला, पोटातलं पाणी उतरवलं. पाचव्या दिवशी ठकूनं नवऱ्याला नावानं हाक मारली. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी हसलं नाही. पोशा मात्र हमसून हमसून रडला.

ती देवळात गेली, पाया पडली. "आजी, मी चुकले."

म्हातारी म्हणाली, "वैद्याच्या हातात माझाच हात गं. एक सोडून दुसरा कसा धरशील?"

ठकूनं वसा पुन्हा धरला. पुढं धुरपीचा नवरा गोमा आजारी पडला. त्याला खरोखरच ताडीचं व्यसन होतं. डोळे पिवळे, पोट टम्म. धुरपीनं दार लावून घेतलं, लोकांना तोंड दाखवीना. ठकूला दुखणाइताच्या दारी जायचं होतं. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत गेली, पाणवठ्यावरचे बोल आठवले, माघारी आली. दुसऱ्या दिवशी पायरीपर्यंत गेली, माघारी आली. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसली, एकवीस श्वास केले, कडी वाजवली.

धुरपीनं दार उघडलं, मान खाली घातली. "ठकूबाई, हसायला आलीस ना? हस."

"कसं आहे विचारायला आले."

"ह्यांनी आपल्या हातानं ओढवून घेतलं गं."

"पिऊन आलं काय, न पिता आलं काय, दुखतं सारखंच. बाजूला सर, आत येऊ दे."

ती गोमाजवळ बसली. त्याचा हात बरगडीखाली ठेवला. "माउलीचं नाव घ्या भाऊ. आता सोडा." गोमानं ताडी सोडली, औषध धरलं. त्याचा रोग फार पुढं गेलेला. तरी दोन वर्षं तो अंगणात बसला, नातवंडांशी बोलला, धुरपीची क्षमा मागितली. मग एका सकाळी, बायकोचा हात हातात असताना, न भिता गेला.

तेराव्यानंतर धुरपी देवळात आली. ठकू श्वास मोजीत होती. धुरपी म्हणाली, "बाई, मला रोग नाही. पण मी बसू का?"

ठकूनं चटई तिच्याकडे सरकवली. "बस."

ठकूचा रोग गेला नाही, पण भय गेलं. तिला जशी श्वासमाउली पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, दुखणाइताला झोप देवो, त्याच्या दारी जाणारं माणूस देवो. ही साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत सांगितली. ऐकणाऱ्याला फळो, सांगणारीला फळो, इथं संपूर्ण होवो.