हद्दीबाहेरचं पाणी

“मग तो एक समूह वगळून टाकू का, महाराज?”

डॉ. रेणुका सामकने विचारलं खरं, पण निकाल ती घरूनच ठरवून आली होती. आता फक्त होकार हवा होता. लहानपणी तिला संस्कृत शिकवणारे शिवगिरी महाराज मठाच्या बारवेच्या काठावर बसले होते. भर वैशाखातही पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागलेलं.

“कसला समूह?”

“दीर्घिकांचा.”

“दीर्घिका म्हणजे बारवच की गं!”

रेणुका हसली. त्या हसण्यात थोडी कीवही होती.

“ते पोथीत, महाराज. आमच्या शास्त्रात दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा. अशा शेकडो एकत्र आल्या की समूह. समूह जितका मोठा, तितका त्यातला वायू तापतो आणि नवे तारे जन्मायचे थांबतात. अकरा वर्षं घातली मी यात.”

“आणि तो एक?”

“तितकाच मोठा, तितकाच तापलेला. तरी तिथे तारे जन्मतायत. तो ठेवला तर माझी अकरा वर्षं पाण्यात. तारे गार वायूतूनच जन्मतात, आणि तो तिथे उरायलाच नको. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आणि आडात कुठून येतं?”

रेणुकाने तो प्रश्न हाताने उडवून लावला.

“त्या समूहाच्या भोवती काय आहे, रेणू?”

“भोवती? दूरवर पसरलेल्या दीर्घिकांच्या रांगा. बाकीच्या समूहांपेक्षा कितीतरी जास्त. त्या वाटेने ताज्या, गार वायूच्या नव्या दीर्घिका आत येत राहतात...” ती थबकली. “पण ते समूहाच्या हद्दीबाहेरचं. मी हद्दीच्या आतलंच मोजते.”

एवढी शिकलेली बाई, पण आपण काय बोलून गेलो ते तिच्याच कानांवर पडलं नाही.

मठात पाणी भरण्याआधी बारवेला नमस्कार करायची रीत होती. महाराज पाणी भरायला काठी टेकत उठले. बारवेकडे पाठ केली, आणि समोरच्या, झाडीने गच्च भरलेल्या डोंगराला हात जोडले.

म्हातारपण... रेणुकाला गलबलून आलं. तिने हलकेच त्यांचा दंड धरला.

“महाराज, बारव तुमच्या पाठीमागे आहे.”

“मागे नुसता खड्डा आहे, बाळ,” महाराज म्हणाले. “बारव ही समोर आहे.”