भिंतीवरचं मांजर

फार मागे, एका सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी खुराड्याचं दार उघडलं आणि कवडी कोंबडी दारातच थबकली. समोरच्या भिंतीवर कुणी चितारी बाहेर डोकावणाऱ्या, दोन्ही अंगांनी रंगवलेल्या उभ्या पट्ट्यांची नक्षी ठोकून गेला होता, आणि तिच्यातून एक मांजर रोखून बघत होतं.

"हलू नका गं!" कोंबडा ओरडला. घाबरलं की जागीच थिजायचं, ही खुराड्याची रीत. सगळ्या थिजल्या. मांजरही हलेना.

उन्हं डोक्यावर आली, पिलं भुकेनं रडायला लागली. कवडीला राहवेना. ती थोडी बाजूला सरकली, तर मांजर गायब! पट्ट्यांच्या दुसऱ्या अंगाला नुसते पिवळे-निळे त्रिकोण. परत आली, तर मांजर हजर.

"अगं बाई, चित्रच की!" सगळ्या हसल्या. कोंबडा उगाच माती उकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटं पिलू भिंतीकडे धावलं. "आई, तुझं खोटं मांजर आज खाली उतरून बसलंय!"

कवडी झटकन बाजूला सरकली. भिंतीवर त्रिकोण आले, पण खालचं मांजर तसंच. उलट त्याची मान तिच्यामागे वळली.

"माघारी फीर, सोन्या!" किंचाळत ती मध्ये पडली. पिलू वाचलं. तिच्या शेपटीची पिसं मात्र त्या पंजात राहिली.

अजून कुणी शेपटीचं विचारलं की ती म्हणते, "काहीही दिसलं तरी आधी जागा बदलून बघा. आणि बाई, हे शेजारच्या खुराड्यातही सांगा. त्यांची पिलं अजून लहान आहेत."