खडकाने दिलेले उत्तर

पूर्वी विंध्याच्या उतरणीवरील एका नगरात सुदंष्ट्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने सरड्याचा जन्म घेतला होता. नगराबाहेर उघड्या माळावर एक प्रचंड काळा खडक होता. त्याच्या भेगांत बोधिसत्त्वाचे चाळीस जणांचे कुळ राहत असे. सकाळी अंग शेकायला खडकाचा माथा, दुपारी सावलीला कपारी, ससाणा आला की शिरायला दोन बोटांची फट, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. माद्या कपारीतल्या मातीत अंडी पुरून ठेवीत.

राजाच्या मनात आले, वेशीवर एकसंध दगडाचा हत्ती हवा. हाच खडक त्याच्या नजरेत भरला. पाथरवटांचा मुखिया कर्णक याला घेऊन तो माळावर आला.

पाथरवटांची एक जुनी रीत होती. घण मारण्यापूर्वी खडकाला हळदकुंकू वाहून तीनदा विचारायचे, "आत जे कोणी राहत असाल, ते दुसरीकडे जाल का?" उत्तर आले नाही की संमती मिळाली असे धरायचे. उत्तर कधी येतच नसे, त्यामुळे विचारता विचारताच हात घणाकडे जात.

कर्णकाने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा बोधिसत्त्व माथ्यावर येऊन म्हणाला, "नाही जाणार."

राजा हसला. "याहून मोठा खडक देतो तुम्हाला."

"आमची अंडी या मातीत आहेत, महाराज. हलवली तर मरतील. आणि घर मोठे हवे, असे आम्ही कुठे म्हणालो?"

राजाने सैनिकांना काठ्या घेऊन पुढे धाडले. जिथे पहिली छिन्नी बसायची होती, त्याच फटीत बोधिसत्त्व शिरला आणि अंग फुगवून घट्ट बसला. काठ्यांनी त्याची पाठ सोलवटली, पण तो तसूभर हलला नाही.

"छिन्नी लाव," राजा म्हणाला.

कर्णकाने घण खाली ठेवला. "महाराज, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही विचारत आलो. आज पहिल्यांदा उत्तर आलंय. ते ऐकलं नाही, तर आमच्या बापजाद्यांनी नुसता देखावा केला असं होईल. हे माझ्या हातून व्हायचं नाही."

तेव्हा राजाने स्वतःच घण उचलला. बोधिसत्त्व रक्ताळलेल्या पाठीने बाहेर आला आणि घणाखाली उभा राहिला. "मारायचे तर मारा. पण आधी रीतीप्रमाणे विचारा."

राजाला आजवर कोणाला काही विचारावे लागले नव्हते. पण सारे पाथरवट पाहत होते. त्याने चिडून विचारले, "जातोस का?"

"नाही."

प्रश्न राजाचा स्वतःचा होता आणि उत्तर सगळ्यांनी ऐकले होते. राजाने घण टाकला व रथात बसून निघून गेला. वेशीवर हत्ती उभा राहिला नाही, आणि त्यावाचून राज्याचे काही अडलेही नाही.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, सभेला म्हणाले, "तो राजा म्हणजे बागेसाठी टेकडीवरची कुंभारवस्ती उठवायला निघालेला, आज इथे मागे बसलेला श्रेष्ठी वसुदत्त. कर्णक म्हणजे त्याची आज्ञा नाकारणारा त्याचा कारभारी सोमिल. सरडा मीच होतो. जीव गेला तरी न ढळणाऱ्या निश्चयाला अधिष्ठान पारमिता म्हणतात."

मग त्यांनी वसुदत्ताकडे पाहिले. "श्रेष्ठी, कुंभारांना विचारलेत का?"