बाकावरचे आप्पा

“पण बाई, दारू सुटलेला माणूस पुन्हा पितो का, ह्याचं एकच उत्तर नको का शोधायला?”

वैजयंती तावातावाने बोलत होती. एम.ए.ला व्यसनाचा विषय घेतलेली पोरगी. हुशार होती, आणि हुशारीचा तोरा तर विचारू नका! समोर तिच्या मार्गदर्शक खोतबाई. निवृत्त झाल्यापासून त्यांनी ह्या व्यसनमुक्ती केंद्रातच मुक्काम ठोकला होता.

“शोध की,” बाई म्हणाल्या.

“मानसशास्त्र म्हणतं, ओढ. समाजशास्त्र म्हणतं, संगत. अर्थशास्त्र म्हणतं, दारू स्वस्त आणि हाताशी. मानववंशशास्त्राचं आणखी वेगळंच. मी चौघांनाही एका दावणीला बांधणार. त्याशिवाय हटायची नाही.”

“छान... आणि आप्पा?”

वैजयंती हातातल्या रेकॉर्डरशी चाळा करू लागली.

बाहेर बाकावर आप्पा, तिचे वडील, बसले होते. उपचार संपले होते. लेक दिसली तसे ते पिशवी घेऊन उठले होते, पण ती न थांबता आत आली होती.

“त्यांना रिक्षात बसवून द्या. काकांकडे जातील.”

“घरी का नाही?”

“ते पुन्हा पिणार, बाई! आईने किती वेळा विश्वास ठेवला. माझ्या चारही शास्त्रांत तेच येतंय.”

“पितीलही.”

“मग?”

बाईंनी नुसतं बाहेरच्या बाकाकडे बोट केलं.

वैजयंतीला आधी राग आला, मग रडूच फुटलं. “मला भीती वाटते हो. ते सगळं पुन्हा बघायची.”

“वाटणारच, बाळ.”

बाई उठल्या. तिच्या हातातला रेकॉर्डर काढून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

“अहो, मला आज इथल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्यात!”

“उद्या घे.”

खण बंद झाला. वैजयंतीने डोळे पुसले, ओढणी घट्ट खोचली.

“बरं. नेते घरी. मीच नेते. पुन्हा प्यायले तर पुन्हा इथे आणीन, पण आज नेते.”

दाराशी जाऊन ती अडखळली.

“बाई, वाटेत त्यांना काय विचारू?”

बाईंनी दार उघडलं. आप्पा पुन्हा उठून उभे राहिले होते.

“आज ते विचारतील. उत्तरं तू दे.”