पाच हजार एकोणचाळीस पानं

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आईने मला बजावलेलं आहे. पण संख्या काही कोणाच्या मालकीची नसते, म्हणून सांगते.

फार फार जुन्या काळी एका गावाने मिळून तळं खणलं. तळं भरलं, तेव्हा पाटलाने गावजेवण घातलं. तिथला नियम होता, सगळ्या पंगती सारख्या हव्यात. एक जरी अपुरी राहिली, तर कोणीच घास उचलायचा नाही.

पाटलाची धाकटी बहीणही माती वाहायला होती. पण तिने भर सभेत भावाची चूक दाखवली होती. तो म्हणाला, "तिला वगळून मोजा."

माणसं भरली पाच हजार एकोणचाळीस.

दहा-दहाच्या पंगती बसल्या. शेवटच्या पंगतीत एक जण कमी.

"नऊ-नऊच्या करा," पाटील म्हणाला. पुन्हा एक कमी. आठच्या केल्या, एक कमी. सातच्या केल्या, तरी एकच! पाटलाला आता भुकेपेक्षा नवल जास्त वाटू लागलं.

म्हातारा वाढपी खडे मांडत बसला होता. "दोन-दोनच्या केल्या तरी एकच कमी," तो हसला. "ही संख्या कशानेच भागली जात नाही, पाटील. अगदी तुमच्यासारखी हट्टी!"

"एकच लांब पंगत करा!" कोणीतरी ओरडलं.

"म्हणजे शेवटच्याला भात पोचेस्तोवर आंबेल!"

"मग मीच बसत नाही," पाटील वैतागला.

"मग दहाच्या पंगतीत दोन कमी पडतील," वाढपी म्हणाला. "पण एक माणूस वाढला ना, तर दोनपासून दहापर्यंत कितीच्याही पंगती करा, सगळ्या पुऱ्या होतील."

पाटील उठला. तसाच अनवाणी बहिणीच्या दारी गेला.

"दादा, आकडा भरायला आलास की मला न्यायला?"

"आकडा भरायला एखादा वाटसरूही चालला असता," तो खाली मान घालून म्हणाला. "सभेत तू खरं बोललीस. चूक माझीच होती. चल, भात निवतोय."

ती आली. दहाच्या बरोबर पाचशे चार पंगती बसल्या आणि गाव पोटभर जेवलं.

बोध इतकाच, की एका माणसाला वगळलं तर सगळ्यांचीच मांडणी बिघडते.

आणि हो, पुढच्या वर्षी तेवढ्याच माणसांच्या कोणीतरी गंमत म्हणून अकरा-अकराच्या पंगती करून पाहिल्या. तेव्हा नेमकी दोघंच उरली, पाटील आणि त्याची बहीण. तो तिला म्हणाला, "ये, आपण दोघं..." थांबा, आई हाक मारतेय. आले, आई, आले!