वरचा सा

"बोला चाचा, आत काय वाजतंय? तुमची रेकॉर्ड की माझी सीडी?"

दस्तगीरचाचा डोळे मिटून ऐकत राहिले...

पडद्याआड विद्याधर उभा होता. मिरजेच्या याच दुकानात अकरा वर्षं त्यानं चाचांच्या हाताखाली तंबोऱ्यांची जवारी लावली होती. तारांखालच्या घोडीवर कानस अशी फिरवायची, की तार खुलून बोलली पाहिजे. पुढं त्याला सीडी प्लेअरचं वेड लागलं.

"डबा तो. त्याला कसली जवारी?" चाचा चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, आणि गडी इरेला पेटला. दुकान सोडलं. जाताना चाचांची लाडकी, एका गायिकाबाईंची रेकॉर्ड तेवढी मागून नेली. हिच्या तोडीचा आवाज काढला नाही तर पुन्हा येऊन मुकाट्यानं कानस धरीन, म्हणाला. काढला, तर चाचांनी शब्द मागे घ्यायचा.

तीन वर्षं तो प्लेअर उघडाच होता. विद्याधरनं त्याचा वीजपुरवठा बदलला, जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह बसवले. त्याच गाण्याची सीडी लावून एकेक सूर रेकॉर्डशी ताडून पाहिला. बायको कंटाळली, मित्र हसले. हसेनात का!

गाणं संपलं.

पडद्याच्या फटीतून विद्याधर पाहत होता. चाचांचा हात मांडीवरून उठला, सवयीनं पुढं झाला... सुई उचलायला.

त्यानं सर्रकन पडदा ओढला. रेकॉर्डवर सुई नव्हतीच; वाजली होती ती सीडी.

"फसलात चाचा! हात फसला तुमचा!"

चाचांनी हाताकडं पाहिलं आणि खळखळून हसले.

"फसला. शब्द मागे घेतला, बाबा. गिऱ्हाइकांना मीच सांगेन."

विद्याधरला आभाळ ठेंगणं झालं.

"वरच्या सा ला बाईंचा आवाज जरा भरडा लागतो," चाचा म्हणाले. "तोही आणलास?"

"मग! सीडीत तो सा साफ लागायचा. त्या एका जागेपायी चार महिने घातले. त्याशिवाय सीडीत जीवच येत नव्हता."

"हं... एका वर्षी सुया मिळेनात. बोथट सुईवरच मी ती रेकॉर्ड वर्षभर वाजवली. वरच्या जागा खरवडल्या."

विद्याधरनं रेकॉर्ड उजेडात धरली.

"बाईंचा तंबोरा मी लावायचो. समोर बसून ऐकलाय तो सा. लख्ख लागायचा."

विद्याधरची कानशिलं तापली. तीन वर्षं डोळ्यांपुढून गेली. पण मान काही खाली गेली नाही.

"ते मला सांगू नका. पैज रेकॉर्डशी होती. ती मी जिंकली!"

"जिंकलास," चाचा म्हणाले. "आता बाईंना गाऊ दे."