न संपणारं कोठार

नदीकाठच्या एका गावात हेरंब नावाचा माणूस राहत होता. राहायचा गावात, पण मन सदा जपानात. तेही आजच्या नव्हे, शेकडो वर्षांपूर्वीच्या. तिथे डोंगराडोंगरावर एकेक सरदार आणि प्रत्येकाचं शेजाऱ्याशी वैर. कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या एका जुन्या खेळात हेरंब हा सगळा मुलूख आपल्या हाताने भरत होता. खेळणारे लोक अशा भरीला मॉड म्हणतात. तीन वर्षं त्याने किल्ले रचले, निशाणं रंगवली, डोंगरांवर धुकं सोडलं. धुक्यावर तर त्याचा फारच जीव.

रविवारी संध्याकाळी मॉड सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. त्याच दुपारी चारुलताचा फोन आला. प्रत्येक मॉड आधी खेळून चुका शोधायच्या, हे त्याच्या या मैत्रिणीचं काम.

"हेरंब, कोठारातला तांदूळ संपतच नाहीये."

हेरंबने कपाळाला हात लावला. चाचणीत सैन्य उपाशी पडून खेळ अडू नये म्हणून ती सोय त्यानेच केली होती. नंतर काढायची राहून गेली.

"आता काढली तर सगळं पुन्हा बसवावं लागेल. महिना जाईल. लोक मला फाडून खातील गं. आणि त्यांना लढायचंय, धान्याचं कुणाला पडलंय?"

फोन ठेवून तो दहीभात जेवला आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला.

पाहतो तर तो आपल्याच नकाशात उभा. त्याचं लाडकं धुकं डोंगराला चिकटून होतं, हलत नव्हतं. ओंब्यांनी वाकलेलं भाताचं पिवळं शेत. बांधावर एक बाई विळा घेऊन उभी. किती दिवस उभी होती कोण जाणे.

"कापत का नाही?" हेरंबने विचारलं.

"एकटीने कसं कापू? घरचे लढाईवर गेलेत."

"कधी येणार?"

"तांदूळ संपला की सरदार त्यांना घरी सोडतो. पण यंदा कोठार संपतच नाही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडे कापणीला माणसं घरी येतात ना?"

 हेरंबला जाग आली तेव्हा हाताला भाताची शितं वाळून चिकटली होती.

त्याने मॉड पुढे ढकलला. लोकांनी त्याला खरंच फाडून खाल्लं. आळशी म्हणाले, थापाड्या म्हणाले, कितीतरी जण कायमचे निघून गेले. त्याला फार लागलं. पण महिनाभर तो कोठारं रिकामी व्हायला शिकवत राहिला.

मॉड खुला झाल्यावर चारुलताचा पुन्हा फोन आला.

"अरे, ऐन वेढ्यात माझे सगळे शिपाई कापणीला घरी गेले! शेजारच्या सरदाराचेही गेले. आम्ही दोघं रिकाम्या मैदानात एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी तह करून टाकला."

हेरंब हसला. मग त्याने हळूच नकाशा उघडला आणि ते शेत शोधलं. शेत कापून झालं होतं. धुकं सावकाश दरीत उतरत होतं. बाई कुठे दिसली नाही. तशी त्याने ती खेळात कधी घातलीच नव्हती.

तात्पर्य: लढवणाऱ्याला जोवर काहीच कमी पडत नाही, तोवर लढणाऱ्याला घर दिसत नाही.